रग्बी मॅचला बॉल बॉय / बॉल गर्ल कसं व्हायचं? इंग्लंडमधल्या मराठी आईबाबांसाठी

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बॉल बॉय किंवा बॉल गर्ल, म्हणजे मॅच चालू असताना मैदानाच्या कडेला उभं राहून बॉल देणारं पोर, व्हायला कुठली परीक्षा नाही, कोर्स नाही, आणि मोठ्या क्लबला थेट मेल टाकून "माझ्या मुलाला एक चान्स द्या" असं विचारलं तर बहुतेक वेळा छान गोड शब्दांत नकार येतो. कारण ही पोरं बाहेरून एकेकटी घेतली जात नाहीत, ती येतात आसपासच्या साध्या, रविवारी सकाळी चिखलात खेळणाऱ्या क्लबमधून, किंवा मोठ्या क्लबशी जोडलेल्या शाळांमधून आणि त्यांच्या स्वतःच्या ज्युनिअर टीम्समधून. म्हणजे वेल्फर्ड रोडवर लेस्टरच्या मॅचला किंवा फ्रँकलिन्स गार्डन्सला नॉर्थॅम्प्टनच्या मॅचला लाइनच्या बाजूला जी पोरं दिसतात ना, त्यातली बरीचशी कुठल्या तरी गावातल्या अंडर-13, अंडर-14 टीमची असतात आणि त्या दिवशी त्यांच्या टीमचा नंबर लागलेला असतो. लंडनच्या गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास कोणीतरी विचारतं आणि प्रसादाच्या लाइनीत उभं राहून नीट सांगता येत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

तर पहिली पायरी म्हणजे पोराला जवळच्या क्लबात घाला. इंग्लंडमध्ये अंडर-7 पासून सुरुवात होते, म्हणजे शाळेत इयर 2 मध्ये असलेली पोरं. आपल्याकडच्या आयांना मार लागायची भीती वाटते आणि ती वाटणारच, पण अंडर-7 आणि अंडर-8 ला टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, अजिबात नसतं, टॅग रग्बी असते, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन रिबिनी, समोरच्याने रिबीन ओढली की थांबून बॉल पास करायचा, बस. टॅकल अंडर-9 पासून हळूहळू शिकवतात, तेव्हा मात्र दात सांभाळायला चांगलं गमशील्ड घ्याच, त्यात पैसे वाचवू नका. वर्षाची मेंबरशिप भरली की क्लब पोराचं नाव आरएफयूच्या, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या, सिस्टिममध्ये रजिस्टर करतो, आणि ही नोंदणी पुढे कामाला येते कारण मोठा क्लब जेव्हा पोरं बोलावतो तेव्हा त्याला वय, मेडिकल माहिती, पालकांचा नंबर हे सगळं आधीच कुठेतरी नीट लिहिलेलं हवं असतं. प्रत्येक क्लबात पोरांच्या सुरक्षेसाठी एक सेफगार्डिंग ऑफिसर असतो, पोरांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांची डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी झालेली असते, त्यामुळे मोठ्या क्लबला एकेका घराशी बोलण्यापेक्षा अख्ख्या टीमला तिच्या कोचसकट बोलावणं सोपं पडतं. हे एकदा कळलं की कोणाच्या मागे लागायचं तेही कळतं, म्हणजे मोठ्या क्लबच्या नाही, आपल्याच टीम मॅनेजरच्या.

टीम मॅनेजर म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारखाच कोणाचा तरी बाबा किंवा आई, जो नोकरी सांभाळून हे करतो. त्याला सीझन सुरू व्हायच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्येच विचारून ठेवा की आपल्या क्लबचं कुठल्या प्रोफेशनल क्लबशी टायअप आहे का, आणि बॉल टीमसाठी, गार्ड ऑफ ऑनरसाठी, हाफटाइमच्या छोट्या मॅचसाठी आपल्या वयोगटाचा नंबर कधी लागू शकतो. सप्टेंबर उजाडला की सगळे कामाला लागलेले असतात, तारखा वाटून झालेल्या असतात आणि मग आपण विचारलं की पुढच्या वर्षी बघू असं होतं. आणि मनापासून सांगते, नुसतं पोराला गेटवर सोडून गाडीत जाऊन बसू नका, थोडं हात लावा, कोन मांडा, चहाच्या टेबलावर उभं राहा, वॉशिंगला जर्सी घेऊन जा. वशिला लागतो म्हणून नाही, तर मॅचच्या दिवशी पोरांना घेऊन कोण जाऊ शकतं, वेळेवर कोण येतं हे मॅनेजरला ठाऊक असावं लागतं आणि आयत्या वेळी कोणाचं पोर आजारी पडलं तर तो अशाच घराला फोन करतो.

काही मोठे क्लब अर्ज पण मागवतात, त्यांच्या कम्युनिटी विभागाकडून किंवा फाउंडेशनकडून, तेव्हा त्या दोघांचे मेल येतील अशी सोय करून ठेवा. मेल लिहायची वेळ आली तर छोटा लिहा आणि स्वतःच्या नावाने लिहा, पोराच्या नाही. पोराचा वयोगट, कुठल्या क्लबात किती सीझन खेळतंय, कुठल्या शनिवारी-शुक्रवारी मोकळं आहे आणि सोबत कोण येईल एवढं पुरे. पोर किती हुशार आहे, अबॅकसमध्ये कितवं आलं हे तिथे नको. फोटो, शाळेचं नाव, घरचा पत्ता पहिल्याच मेलमध्ये पाठवायची गरज नाही, ते नंतर क्लबच्या अधिकृत फॉर्मवर भरायचं. आणि पैशाचं म्हणाल तर मॅस्कॉट होण्याचं पॅकेज अनेक क्लब उघडपणे विकतात, टीमबरोबर मैदानात धावत जायचं, जर्सी, तिकिटं वगैरे, ते घ्यायचं तर क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. कोणी मेसेज करून "एवढे पौंड द्या, तुमच्या मुलाला बॉल बॉय करतो" म्हणालं तर तो माणूस फसवतोय, लगेच क्लबला कळवा.

वयाचं म्हणाल तर क्लबगणिक बदलतं, पण साधारण 11-12 ते 15-16 हा पट्टा धरून चाला. त्याहून लहान पोरांसाठी मॅस्कॉट, झेंडे धरणं, खेळाडू येताना दोन रांगांत उभं राहणं आणि हाफटाइमला मैदानावर टॅग खेळणं हे असतं आणि त्यातही पोरांना प्रचंड मजा येते, त्यामुळे आठ वर्षांच्या पोराला बॉल बॉयच करायचं असा हट्ट धरू नका. थंडीत, वाऱ्यात 80 मिनिटं डोळे खेळावर ठेवून उभं राहणं लहान पोराला झेपत नाही.

एक गोष्ट मला आग्रहाने सांगायचीय, फक्त वरच्या लीगकडे बघू नका. वरच्या लीगमध्ये क्लब दहाच आहेत. त्याखालच्या लीगमध्ये ईलिंग ट्रेलफाइंडर्स, कॉव्हेंट्री, बेडफर्ड ब्लूज असे क्लब आहेत, आणि ईलिंग काय, कॉव्हेंट्री काय, आपली मराठी घरं तिथे भरपूर आहेत. तिथे गर्दी कमी, माणसं ओळखीची, आणि पोराला जबाबदारीने काम करायला मिळण्याची शक्यता जास्त. तसंच महिलांच्या मॅचेस. 2025 चा महिला वर्ल्ड कप इंग्लंडमध्येच झाला, ट्विकनमच्या फायनलला 81,885 लोक होते, इंग्लंडने कॅनडाला 33-13 हरवलं, आणि त्यानंतर ज्या मुलींना क्लबात यायचंय त्यांना नाही म्हणणारा क्लब क्वचितच सापडेल. मुलगी असेल तर बॉल गर्ल म्हणून पुरुषांच्या आणि महिलांच्या दोन्ही मॅचेससाठी नाव द्या.

आता खरं काम काय असतं ते. लोकांना वाटतं बॉल बाहेर गेला की पळत जाऊन उचलायचा आणि पटकन द्यायचा. टेनिसमध्ये तसं असेल, रग्बीत तसं केलं तर पोर मॅच बिघडवू शकतं. रग्बीत कधी कधी बॉलला हात न लावणं हेच काम असतं.

याचं कारण म्हणजे क्विक थ्रो. बॉल टचमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनबाहेर, गेला की नेहमी लाइनआउट होतो, दोन्ही टीम रांगा करून उभ्या राहतात आणि हुकर, म्हणजे बॉल आत फेकणारा खेळाडू, दोन रांगांच्या मधे बॉल फेकतो. पण ज्या टीमचा थ्रो आहे तिच्या कुठल्याही खेळाडूला वाट न बघता लगेच बॉल आत फेकता येतो, त्याला अट अशी की जो बॉल बाहेर गेला तोच बॉल हवा, आणि त्याला त्या खेळाडूशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नको, बाहेर बॉल घेऊन गेलेला विरोधी खेळाडू सोडून. प्रेक्षकाचा लागला, राखीव खेळाडूचा लागला, बॉल बॉयचा लागला की क्विक थ्रोचा हक्क संपला, मग गुपचूप लाइनआउट. म्हणजे विंगर, म्हणजे कडेला खेळणारा वेगवान खेळाडू, जिवाच्या आकांताने बॉलकडे धावत येतोय, समोर मैदान मोकळं आहे, आणि आपल्या पोराने मदत म्हणून बॉल उचलून त्याच्या हातात दिला तर त्याचा पूर्ण अटॅक मेला.

आणि उलटंही होतं. 12 मार्च 2011, कार्डिफ, वेल्स विरुद्ध आयर्लंड, सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा. आयर्लंड 13-9 ने पुढे होतं. आयर्लंडच्या जॉनी सेक्स्टनने बॉल लांब प्रेक्षकांत मारला, बाजूच्या बॉल बॉयने दुसरा बॉल पुढे केला, वेल्सचा कॅप्टन मॅथ्यू रीसने तो घेतला आणि झटकन माइक फिलिप्सकडे फेकला, फिलिप्स टचलाइनवरून सुसाट पळाला आणि कोपऱ्यात ट्राय, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या लाइनपलीकडे टेकवून पॉइंट. आयरिश खेळाडू ओरडत होते की बॉल वेगळा आहे. रेफरी जोनाथन कॅप्लनने टच जजला, म्हणजे लाइनवरच्या असिस्टंट रेफरीला, विचारलं की तोच बॉल आहे का, तो म्हणाला हो. ट्राय दिला गेला, वेल्सने ती मॅच 19-13 ने जिंकली, आणि नियमाने तो ट्राय व्हायलाच नको होता हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. चूक त्या पोराची अजिबात नव्हती, निर्णय देणं हे मोठ्या माणसांचं काम होतं, पण बॉल बॉयच्या हातातून गेलेला एक बॉल सिक्स नेशन्सची मॅच फिरवू शकतो हे त्या दिवशी सगळ्या जगाला कळलं. तुमच्या पोराला ही क्लिप नक्की दाखवा, कुठल्याही ब्रीफिंगपेक्षा त्याने जास्त समजतं.

म्हणून पोराला शिकवायचा क्रम असा. बॉल लाइन ओलांडून आपल्या दिशेने आला की पहिलं बाजूला व्हायचं, बॉलला जाऊ द्यायचं आणि नजर वर उचलून बघायचं की थ्रो कोणाचा आहे आणि त्यांचा कोणी पळत येतोय का. येत असेल तर हात पाठीमागे, बॉलला शिवायचं नाही, आपल्या हातातला जादाचा बॉलही पुढे करायचा नाही. कोणी येत नाहीये, फॉरवर्ड लोक, म्हणजे लाइनआउटला रांगेत उभे राहणारे दांडगे खेळाडू, चालत लाइनआउटकडे निघालेत असं दिसलं, किंवा बॉल प्रेक्षकांत गेला, की मग आपला बॉल हुकरला द्यायचा, दोन्ही हातांनी, छातीच्या उंचीवर, आणि त्याने बघितल्यावरच. पाठमोऱ्या माणसाकडे बॉल फेकायचा नाही. कोचिंगवाल्यांनी किंवा प्रेक्षकांनी ओरडून काही सांगितलं तरी ऐकायचं नाही, फक्त आपला सुपरवायझर आणि मॅच ऑफिशियल.

थ्रो कोणाचा हे ओळखायला नियम थोडे माहीत हवेत. साध्या खेळात ज्याने बॉल बाहेर मारला त्याच्या विरुद्ध टीमचा थ्रो. पण पेनल्टीवरून बाहेर मारला तर मारणाऱ्याचाच थ्रो. आणि 2021 पासून 50-22 आलंय, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला बॉल आत टप्पा पडून समोरच्यांच्या 22 मीटर भागात बाहेर गेला तर मारणाऱ्याच टीमला थ्रो मिळतो. कोपऱ्याजवळ उभ्या असलेल्या पोराला हे माहीत नसेल तर तो हमखास चुकीच्या हुकरकडे बॉल घेऊन जाणार. शंका आली तर असिस्टंट रेफरीचा हात बघायचा, तो ज्या बाजूला दाखवतो त्यांचा थ्रो.

पोस्टच्या मागे जी पोरं असतात त्यांचं काम जरा शांत, किक मारून झाल्यावर बॉल गोळा करायचा. पण किकर उभा असताना हलायचं नाही, उठाबशा नाहीत, मित्राला हात करणं नाही. किकरला कन्व्हर्जनसाठी, म्हणजे ट्रायनंतरच्या जादा पॉइंटांच्या किकसाठी, 60 सेकंद मिळतात आणि समोर त्याच्या नजरेत फक्त पोस्ट असायला हवेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, म्हणजे दोन्ही टीमना सारखं वागवणं. आपलं पोर घरच्या टीमचं फॅन असणार, डोक्यावर त्यांचीच टोपी, मागे हजारो लोक ओरडतायत, शेवटची पाच मिनिटं आहेत आणि घरची टीम दोन पॉइंटने पुढे आहे, अशा वेळी पाहुण्या हुकरला बॉल द्यायला दोन सेकंद उशीर करायचा मोह होतो. पावसात टॉवेलचंही तेच, घरच्या हुकरला बॉल पुसून दिला तर पाहुण्यालाही पुसूनच द्यायचा. पंगतीत वाढणारा कसा पान बघतो, माणूस कोणाकडचा आहे ते बघत नाही, तसं. हे पोराला आदल्या दिवशी घरी बसवून सांगा, आई-बाबांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं लागतं.

सुरक्षेबद्दल. प्रोफेशनल फॉरवर्ड 110-120 किलोचा असतो आणि तो टॅकल होऊन लाइनच्या बाहेर घसरत येतो तेव्हा त्याला थांबता येत नाही. म्हणून बॉल कुठेही असो, खेळाकडे पाठ कधीच करायची नाही. मैदानाच्या त्या टोकाला खेळ चालू आहे म्हणून मोबाइलकडे, मैत्रिणीकडे बघत बसलं आणि एक क्रॉस किक आली की तीन सेकंदांत सगळी माणसं अंगावर येतात. दाखवलेल्या जागेवरच उभं राहायचं, बोर्डच्या मागे सांगितलं तर मागेच, आणि खेळ जवळ आला की मागे आणि बाजूला सरकायचं. जादाचा बॉल पायाशी ठेवायचा नाही, हातात धरायचा, कोणाचा पाय त्यावर पडला तर घोटा गेलाच समजा.

घरी तयारी करायची तर दोन गोष्टी पुरेत. एक, रविवारी पार्कात जाऊन पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा बॉल घ्या, कारण पोरं रोज खेळतात तो तीन किंवा चार नंबरचा असतो आणि ओला झालेला मोठा बॉल हातात वेगळा लागतो. तुम्ही किक मारा, बॉलला टप्पे पडू द्या, तो कसाही उडतो, मग पोराला वाकून दोन्ही हातांनी उचलू दे आणि चालत्या माणसाच्या हातात नीट देऊ दे. दुसरी आणि जास्त उपयोगाची म्हणजे टीव्हीवर मॅच लावा आणि बॉल बाहेर गेला की लगेच आवाज बंद करून विचारा, थ्रो कोणाचा, क्विक होऊ शकतो का, तू काय करशील. आमच्याकडे हा खेळ जेवताना चालायचा आणि लेकीला महिन्याभरात माझ्यापेक्षा आधी उत्तरं यायला लागली.

मॅचच्या दिवशी किकऑफच्या बरंच आधी बोलावतात, ब्रीफिंग असतं, बिब किंवा जॅकेट देतात, जागा वाटतात. फोटोच्या परवानगीचा आणि मेडिकलचा फॉर्म आधीच भरून ठेवा, दमा असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि इनहेलर सुपरवायझरकडे द्या. फोन आत न्यायचा नाही. आत थर्मलचे कपडे दोन थर, पातळ हातमोजे ज्यातून बॉल धरता येतो असे, जादाचे मोजे, आणि बूट कुठले हे विचारून घ्या कारण काही मैदानं आर्टिफिशियल आहेत. शुक्रवारची रात्रीची मॅच असेल तर शाळेतून आल्यावर पोटभर जेवण, गरम वरणभात किंवा पराठे, आणि बॅगेत दशमी-लोणी किंवा केळं, स्टेडियममधल्या चिप्सवर सोडू नका. पैसे मिळत नाहीत, हे स्वयंसेवकाचं काम आहे, बहुतेक ठिकाणी कपडे किंवा खायला किंवा एखादं तिकीट मिळतं तेवढंच. तुम्हाला टचलाइनवर येऊ देणार नाहीत, तुम्ही स्टँडमध्ये. पोराला तिथून हाका मारू नका, त्याचं लक्ष जातं. आणि दुसऱ्यांची पोरं दिसतील असे फोटो टाकू नका. ऑटोग्राफ मॅच संपल्यावर आणि सुपरवायझरने हो म्हटल्यावरच. मग सही करून पोराला ताब्यात घ्यायचं, सही केल्याशिवाय निघायचं नाही.

भारतात ज्यांचे भाचे-पुतणे आहेत त्यांच्यासाठी पण थोडं. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवर रग्बी प्रीमियर लीगचा पहिला सीझन झाला, सहा टीम, सेव्हन्स प्रकार, म्हणजे एका टीममध्ये पंधराऐवजी सात खेळाडू, परदेशी ऑलिम्पिक खेळाडू आणि आपली पोरं एकाच टीममध्ये. म्हणजे आता प्रोफेशनल मॅच बघायला इंग्लंडला यायची गरज उरली नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी कितीतरी वर्षं खेळली जाते, पुण्यातही पोरं खेळतात, आणि रस्ता तिथेही हाच धरा, आधी क्लबात किंवा शाळेच्या टीममध्ये खेळायला लागायचं, कोचला सांगून ठेवायचं आणि स्थानिक स्पर्धांमध्ये लाइनवर उभं राहून बॉल देण्याचं काम मागून घ्यायचं. सेव्हन्समध्ये हाफ सात मिनिटांचा असतो आणि बॉल सारखा पळत असतो, त्यामुळे तिथे शिकलेलं पोर पंधराच्या मॅचला आरामात उभं राहतं. मुंबईची रग्बी पावसाळ्यात रंगते, तेव्हा चौकशी मे महिन्याच्या सुट्टीतच करा, जूनमध्ये शाळा सुरू झाली की सरावाच्या वेळा आणि क्लासच्या वेळा जुळवणं अवघड जातं.